लटारूच्या पायाचे दोन रिपोर्ट

बटण दाबलं आणि लटारूच्या उजव्या पायाची बोटं ताडकन वर उठली. सोडलं, खाली पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा उठली.

"पाह्यलं न बाई?" शामरावभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "उचलते पाय! आमी सारे म्हनून म्हनून थकलो, उचल रे बाबा, उचल. तवा उचलत नाई. अन् इथी कसा उचलते?"

लटारू टेबलावर उताणा पडला होता. कोपरांवर रेलून तो स्वतःच्या पायाकडे पाहत होता.

"मी नाई उचलला जी," तो म्हणाला. "थो आपोआप उठला."

वडशाच्या एका लहान धर्मादाय दवाखान्यात मी नोकरीला होते. मूळची नर्स. मुंबईला सहा महिने विजेच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आले होते आणि येताना दवाखान्यासाठी एक मशीन आणलं होतं. गावात वीज नव्हती, पण मशीन बॅटरीवर चालायचं. लाकडी पेटी, त्यात एक कॉइल, दोन वायरी, वायरींच्या टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या गाद्या. एक गादी मांडीखाली ठेवायची, दुसरी, रुपयाएवढी, तपासायच्या जागेवर. आसपासच्या गावांत मला 'बिजलीवाल्या बाई' म्हणत. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

मशीनमधून दोन तऱ्हेचे करंट निघत. एक फॅराडिक. तो तुटक असतो, फार थोडा वेळ टिकतो, आणि स्नायूपर्यंत जाणारी नस जिवंत असेल तरच त्याने स्नायू हलतो. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी, ती नस. दुसरा गॅल्व्हानिक. तो सलग असतो. नस मेली असली तरी त्याने स्नायू हलतो, पण आळसटून, गांडूळ सरकावं तसा. फॅराडिकला स्नायू झटकन उठला की नस शाबूत, असं आम्हाला शिकवलं होतं. लटारूचा पाय झटकन उठत होता.

लटारू चोवीस-पंचवीस वर्षांचा, तीन कोसांवरच्या गावातला. घरची थोडी धानाची शेती. कापणी झाली की तो शामरावभाऊंच्या दंडार मंडळात नाचायचा. दंडार हे आमच्या झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भातलं लोकनाट्य. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात. लटारू अंगाने बारीक, पावलाने हलका. पायात चाळ बांधून तो उभा राहिला की लांबलांबच्या गावचे लोक बैलबंड्या जुंपून येत, असं मी ऐकलं होतं. त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना त्याचा उजवा पाय पडला. म्हणजे पाऊल वर उचलेना. चालताना बोटं जमिनीला घासायची आणि पाऊल फटकन आपटायचं.

शामरावभाऊंना हे पटत नव्हतं. शेजारच्या गावच्या मंडळाने लटारूला बोलावणं धाडल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. आमच्या मंडळातून सुटायला याने पायाचं सोंग काढलं, असा त्यांचा हिशेब.

"कधीपासून?" मी लटारूला विचारलं.

"मंगळवारपासून. त्याच्या आंधी आठ दिवस पायात मुंग्या—"

"मुंग्या!" शामरावभाऊ मध्येच बोलले. "आमी नाई का नाचलो? आमाले नाई का येत मुंग्या?"

"अन् गुडघ्याच्या मांगून कळ निघते जी. रात्री झोप नाई लागत."

मी ऐकलं. पण माझे डोळे मशीनवर होते. डाव्या पायाला करंट दिला, उजव्याला दिला. दोन्ही सारखे उठले. त्याला बसायला सांगून म्हटलं, आता स्वतः उचल. त्याच्या कपाळाची शीर तटतटली. मांडी थरथरली. पाऊल हललं नाही.

मी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत दोन ओळी: उजव्या पायाचे स्नायू आणि नस यांचा फॅराडिकला प्रतिसाद नॉर्मल, दोष आढळला नाही. शामरावभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. "काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"नस चांगली आहे."

"मंग सोंगच न?"

इथे मी थांबायला हवं होतं. मोठे डॉक्टर येईपर्यंत काही सांगत नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मशीनमध्ये तरी काही दिसत नाही."

शामरावभाऊंनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. लटारू टेबलावरून उतरला, धोतर सावरलं. जाताना दाराच्या उंबऱ्याला त्याची बोटं अडकली आणि तो पडता पडता वाचला. मी ते पाहिलं. सोंग करणारा माणूस पाहणाऱ्यांसमोर अडखळतो. लटारू अडखळला तेव्हा शामरावभाऊ पुढे निघून गेले होते आणि मी मशीनच्या वायरी गुंडाळत होते. कोणी पाहतंय असं त्याला वाटायचं कारणच नव्हतं. हे मला नंतर सुचलं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. या वेळी बायकोबरोबर. तिचं नाव जनाबाई. एका सोयऱ्याच्या बंडीत बसून दोघं सकाळीच आली होती. मंडळाने लटारूला काढलं होतं. वडशाच्या बिजलीवाल्या बाईने कागदावर लिहून दिलं, हा खोटा आहे, असं गावभर झालं होतं. विहिरीवर बायका जनाबाईला विचारत, काऊन व, आज कोनता पाय लंगडते तुझ्या नवऱ्याचा?

जनाबाईने हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. ती खाली बसली, नवऱ्याच्या पायावरचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "बाई, हे पाहा. दगडानं फाटलं अन् याले मालूमच नाई पडलं. मी रगत पाह्यलं तवा समजलं."

अंगठ्याची पुढची बाजू सोलवटून निघाली होती. जखम चांगली चार-पाच दिवसांची. मी बोरिकच्या पाण्याने धुवायला घेतली. लटारू शांत बसून होता. त्या जखमेला पाणी लागलं तर कोणीही पाय ओढून घेईल. त्याने घेतला नाही. 

नशिबाने त्या दिवशी डॉ. केळापुरे आमच्याकडे होते. ते चांद्याहून दर पंधरवड्याला छोट्या रेल्वेगाडीने यायचे. साठीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांनी माझा जुना रिपोर्ट मागितला. कागद शामरावभाऊंकडे होता, पण माझ्या वहीत नक्कल होती. ती वाचली आणि वही बाजूला ठेवली. लटारूला गुडघे थोडे वाकवून उताणा झोपवला. टाचणीने पावलाच्या वरच्या बाजूला टोचत गेले.

"लागतं?"

"नाई जी."

"इथे?"

"नाई."

नडगीच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्यावर आल्यावर तो "हं" म्हणाला. मग डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाडाचं टोक हाताला लागतं, तिथे दोन बोटं ठेवून हळू फिरवली. लटारू कळवळला. इतका वेळ जखम धुताना न हललेला माणूस टेबलावरून उठायला लागला.

"सिस्टर, तुमची बोटं द्या इथे."

मी बोटं ठेवली. कातडीखाली एक दोरी लागली. करंगळीएवढी जाड, घट्ट. डाव्या पायाला त्याच जागी शोधली तर बारीक सुतळीएवढी, पटकन सापडेचना.

"मागच्या वेळी करंट कुठे दिला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नडगीच्या स्नायूवर. गुडघ्याच्या खाली."

"गुडघ्याच्या वर?"

"नाही दिला."

"आता द्या."

मी मशीन आणलं. गुडघ्यामागे, बाहेरच्या बाजूला, जिथून ती नस खाली उतरते तिथे गादी धरली. बटण दाबलं. काही नाही. करंट वाढवला. पाऊल जसंच्या तसं. डाव्या पायाला त्याच जागी तेवढाच करंट दिला, पाऊल ताडकन वर आलं. मग उजव्या पायाला जुन्या जागी, गुडघ्याच्या खाली दिला. बोटं हलली. पण तीन आठवड्यांपूर्वीसारखी नाही. अर्धवट. काही स्नायू तर फॅराडिकला अजिबात बोलेनात. गॅल्व्हानिक लावला तेव्हा सावकाश, गांडुळासारखे आखडले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही समजावून सांगायची गरज नव्हती, पण तुम्हाला सांगते. आमच्या भागात तलावाच्या पाण्यावर धान होतो. तलावातून पाट निघतो आणि बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरांपर्यंत जातो. समजा पाटात मध्येच माती ढासळली. बांधीत पाणी येत नाही. आता मी ढासळलेल्या जागेच्या खाली एक घागर ओतली तर ते पाणी बांधीत जाईलच. त्यावरून मी म्हणायचं, पाट चांगला आहे? मी तेच केलं होतं. लटारूची नस गुडघ्याजवळ सुजून आवळली गेली होती. मेंदूचा हुकूम तिथपर्यंत येऊन अडत होता. त्याच्या खालची नस तेव्हा जिवंत होती, म्हणून माझ्या करंटला पाय उठला. शिवाय दुखणं ताजं होतं. ताज्या दुखण्यात तीन आठवड्यांनी परत तपासायचं असतं, कारण नस वरून तुटली तरी खालचा भाग मरायला काही दिवस घेतो. हेही मला शिकवलेलं होतं. मी त्याला परत बोलावलं नव्हतं. तो आपल्या पायाने आला. खरं म्हणजे बंडीत बसून आला.

आणि मधल्या तीन आठवड्यांत खालची नसही मरायला लागली होती.

डॉक्टरांनी लटारूला उठून बसायला सांगितलं. स्वतः स्टूल ओढून समोर बसले.

"लटारू, तू खोटं बोलत नव्हतास. तुझी नस खरंच बंद पडली आहे."

लटारूने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर किंचित उजेड आला.

"नस कशाने सुजली, तेही सांगतो. एक बारीक जंतू असतो. तो नसेत शिरतो. त्याला कुष्ठ म्हणतात."

 कुष्ठ हा शब्द दोघांना नीट कळला नसावा असं वाटून मी डॉक्टरांकडे पाहिलं. पण लटारूला कळला होता.

"महारोग?" त्याने विचारलं.

"हो."

"पन चट्टा नाई जी अंगावर. एक बी नाई."

"कधी कधी चट्टा येत नाही. रोग फक्त नसेला धरतो."

लटारूने धोतर पायावर ओढून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमचा पह्यलाच कागद बरा होता. खोटारड्याले गावात राहू तं देते."

त्या काळी महारोग झालेल्या माणसाला गावाबाहेर झोपडी बांधून देत. जेवण लांबून ठेवत. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

जनाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, "लेकराले होईल का? मले होईल का?"

"याच्या अंगात जंतू फार थोडे आहेत. याच्यापासून तुम्हाला धोका नसल्यातच जमा आहे. गोळ्या सुरू झाल्या की तोही राहणार नाही. पण तुम्हाला आणि लेकराला मी वर्षातून दोनदा तपासणार. यायचं."

"येतो जी." मग तिने विचारलं, "सासूले काय सांगू?"

"गुडघ्याची नस दबली म्हणून सांगा. ते खोटं नाही."

तिने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याच्या जखमेवर मी बांधलेल्या पट्टीची गाठ नीट करू लागली. गाठ चांगली होती. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

उपचार सुरू झाले. डीडीएस, म्हणजे कुष्ठाच्या त्या वेळच्या गोळ्या, आधी अगदी थोड्या, मग वाढवत. गुडघा जरा वाकवून पायाला प्लास्टरची पन्हळ, म्हणजे नसेला आराम. लटारूला महिनाभर दवाखान्यात ठेवलं. कळ आठवडाभरात कमी झाली. पाय उठत नव्हता.

त्या दिवसांत मला एक गोष्ट छळत होती. माझा पहिला रिपोर्ट शामरावभाऊंच्या खिशात होता. मी डॉक्टरांना म्हटलं, मला तो बदलून द्यायचा आहे.

"द्या," ते म्हणाले. "पण रोगाचं नाव लिहायचं नाही. तोंडानेही सांगायचं नाही."

"मग ते विचारतील, नस कशाने सुजली?"

"विचारतील. तुम्ही काय सांगणार?"

मी वही उघडून नवा कागद लिहायला घेतला. 

लटारूलाही विचारलं. तो म्हणाला, "जा बाई. पन नाव नका घेऊ. नाव घेसाल तं मी उठून चालला जाईन." कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

रविवारी दुपारी मी शामरावभाऊंच्या घरी गेले. अंगणात तालीम चालू होती. लटारूच्या जागी एक नवा गडी होता. त्याला गिरकी जमत नव्हती आणि शामरावभाऊ चिडलेले होते. मला पाहून त्यांनी तालीम थांबवली, खाट टाकली, पाणी दिलं.

मी नवा कागद पुढे केला. या वेळी मराठीत लिहिला होता आणि तो मी त्यांना वाचून दाखवला. उजव्या पायाची नस गुडघ्याजवळ बंद पडली आहे. पाय उचलणं रोग्याच्या हातात नाही. पहिली तपासणी अपुरी होती.

"म्हनजे मशीन खोटी बोलली?" शामरावभाऊंनी विचारलं.

"मशीनने बरोबर सांगितलं. मी विचारायचं तेवढं विचारलं नाही. चूक माझी."

"काऊन सुजली नस?"

"ते मी सांगणार नाही."

"नाई?"

"नाही. माझी चूक सांगायला आले, त्याचं दुखणं सांगायला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. झाडीतला माणूस, साठेक वर्षांचा, महारोग जवळून पाहिलेला. पडलेला पाय, मुंग्या, न सांगितलेलं नाव. त्यांनी काय जुळवलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी उठले. तेव्हा ते म्हणाले, "साऱ्या मंडळासमोर लबाड म्हटलं मी त्याले. बाई, तुमच्या एका कागदावर."

"हो," मी म्हटलं. 

मग त्यांनी वळून अंगणातल्या सगळ्यांना जवळ बोलावलं आणि तो कागद मला पुन्हा वाचायला लावला. मी उभी राहून वाचला. "चूक माझी" हे कागदावर नव्हतं. तेही मी म्हटलं. नवा गडी पायातले चाळ हातांनी धरून उभा होता, आवाज होऊ नये म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात शामरावभाऊ दवाखान्यात आले. लटारूच्या खाटेजवळ बसले. दोघं काय बोलले मला माहीत नाही. मी मुद्दाम बाहेर गेले होते. जाताना शामरावभाऊंचे डोळे लाल होते. लटारूचे नव्हते.

पाय किती परत आला, तेही सांगते. चार महिन्यांनी बोटं थोडी हलू लागली. आठ महिन्यांनी पाऊल अर्ध्यापर्यंत उचललं जाऊ लागलं. तिथेच थांबलं. चालताना बोटं घासू नयेत म्हणून वडशाच्या चांभाराकडून एक पट्टा करून घेतला. सायकलच्या ट्यूबचं रबर, गुडघ्याखाली चामड्याचा वेढा, दुसरं टोक चपलेला. तो बांधून लटारू शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून बिनधास्त चालायचा. धानाच्या रोवणीच्या चिखलात पट्टा चालत नसे, तेव्हा जनाबाई पुढे व्हायची. गोळ्या त्याने वर्षानुवर्षं घेतल्या, एकदाही चुकवल्या नाहीत. लेकराला काही झालं नाही. गावात त्याचं दुखणं कोणाला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. झोपडी मात्र कोणी बांधली नाही.

तो परत नाचला नाही. पुढच्या हंगामाआधी शामरावभाऊंनी त्याला नव्या मुलांना पावलं शिकवायला बोलावलं होतं. तो गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "भाऊंनी माफी मांगली, मी देल्ली. पन अंगनात पाय ठेवला का तेच आठवते." मी आग्रह केला नाही.

डॉ. केळापुऱ्यांनी मला या प्रकरणावरून कधीच बोल लावला नाही. एकदाच, गाडीची वाट पाहताना, मी त्यांना विचारलं, "पहिल्याच दिवशी वर करंट दिला असता तर पाय पूर्ण आला असता का?"

"कदाचित," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बहुतेक."

त्यानंतर बावीस वर्षं मी हे काम केलं. मशीनं बदलली, वीज आली. रिपोर्ट लिहिताना मी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. करंट कुठे दिला ते लिहायचं, आणि कुठे दिला नाही तेही लिहायचं. 'दोष आढळला नाही' असं मी पुन्हा लिहिलं नाही. 'अमुक जागी तपासलं, तिथे आढळला नाही' असं लिहायला एक ओळ जास्त लागते.